वहीतून गाळलेली चार मिनिटं

धुळ्याला जायचं असलं की पिशवीत काय भरायचं याची चिठ्ठी मी आदल्या दिवशीच करते. त्या रविवारच्या चिठ्ठीत सगळ्यात वर दोनशे पानी वही होती. तिच्याखाली केळ्याचे वेफर्स, अक्कांच्या ब्लाउजचं कापड, आबांच्या गुडघ्यांचं तेल. त्या वहीत मी एका विनोदी कलाकाराचा सव्वा तासाचा कार्यक्रम हातानं लिहून काढला होता. स्टेजवर एकटा माणूस माइक धरून उभा राहतो आणि समोरच्या लोकांना हसवतो, तसला कार्यक्रम. शब्दन् शब्द लिहिला होता. फक्त चार मिनिटं गाळली होती.

आबा म्हणजे माझे सासरे. ते धुळ्यात माझ्या मोठ्या दिरांकडे राहतात. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. आम्ही नवराबायको जळगावला. नवरा शाळेत शिकवतो, मी चटयांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. महिन्यातून दोन रविवार आम्ही धुळ्याला जातो. सकाळची बस, पारोळ्याला चहा, अकराच्या आत घरी.

आबांनी तीसेक वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून काम केलं. माग अडला की जॉबरला हाक मारायची, तो येऊन माग चालता करणार. खरं तर हाक मारायची म्हणणं चूक आहे, कारण त्या खडखडाटात हाक कुणालाच ऐकू जात नाही. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे पाहून आणि हातानं खुणा करून बोलतात. माझा नवरा सांगतो, लहानपणी समोरच्या ओट्यावरच्या दोन बाया काय कुजबुजताहेत ते आबा घरात बसून सांगायचे आणि आजी त्यांना रागवायची. त्या खडखडाटानं कान हळूहळू गेले. आता कानाचं यंत्र आहे, पण एका माणसाशी बोलण्यापुरतंच. घरात चार जण बोलायला लागले आणि टीव्ही सुरू झाला की पत्र्यावर खडी ओतल्यासारखं होतं म्हणतात. म्हणून ते यंत्र बहुतेक वेळ डबीत असतं.

कान चांगले होते तेव्हा घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे. म्हणजे निर्णयांतला नव्हे, मतांतला. लग्नातलं जेवण, गावातलं भाषण, गणपतीतलं नाटक, काहीही पाहून आलो की सगळे आपापलं बोलून घेत आणि मग आबा काय म्हणतात याची वाट बघत. ते दोन वाक्यं बोलत. त्यावर परत तासभर भांडण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हे घर याच भांडणांमुळे आवडलं होतं.

तर तो कार्यक्रम. कलाकार दोंडाईच्याकडचा पोरगा. पुण्यातल्या एका सभागृहात त्यानं अर्धं मराठीत, अर्धं आपल्या बोलीत सादरीकरण केलं आणि त्याचं चित्रण मोबाइलवर आलं. माझ्या पुतणीनं, अक्कांच्या मुलीनं, एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो टीव्हीवर लावला. आम्ही सगळे बसलो. आपली बोली टीव्हीवर ऐकायला मिळते म्हटल्यावर दीर तर पहिल्या पाच मिनिटांतच मांडीवर थापा मारायला लागले. आबाही खुर्चीवर होते. आम्ही हसलो की तेही हसायचे, एक क्षण मागून. ते सगळ्यांनाच माहीत होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

मधे एक भाग आहे. तो पोरगा आपल्या आईची नक्कल करतो. आई आवाजी निरोप पाठवायला मोबाइल कसा धरायची, आरशात बघावं तसा तोंडासमोर, मग कपाळाला, मग उलटा. ते पाहून हसू येतंच. आणि तो हात तसाच वर ठेवून तो सांगतो, तिचा शेवटचा निरोप चुकून पाठवला गेला होता, त्यात ती काहीच बोललेली नाही, नुसता कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज आहे, आणि तो अजून पुसलेला नाही. सभागृह गप्प होतं. आमचं घरही गप्प झालं. अक्कांची आई जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. अक्का पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

आणि आबा मोठ्यानं हसले. त्यांना हात दिसत होता, मोबाइल दिसत होता. माइक तोंडाला चिकटलेला असल्यामुळे ओठ दिसत नव्हते.

"आबा! रडायचा भाग आहे!" पुतणी ओरडली. तिचं तोंड त्यांच्याकडे होतं. ते त्यांना बरोबर कळलं.

त्यांनी अक्कांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग उठून ओट्यावर जाऊन बसले. कार्यक्रम तिथेच बंद झाला. त्यानंतर दोन वेळा आम्ही गेलो, तर ते टीव्ही लागला की उठत. जेवणं झाली की उठत. गप्पा सुरू झाल्या की उठत. दीर म्हणायचे, "बसा ना आबा," तर हात हलवून, "तुम्ही बसा, माले आठे वारा लागस." उन्हाळ्यात धुळ्याच्या ओट्यावर दुपारी दोनला कसला वारा?

पण समजूत कशी घालणार? "तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणून तुम्ही हसलात, चालतं," असं सासऱ्यांना सांगायची आमच्यात पद्धत नाही. मी आणि अक्का त्यांच्याशी बोलतो ते कामापुरतं, पदर सावरून, मान खाली घालून, तोंड जरा बाजूला करून. कुणी शिकवलं नव्हतं. अक्का करायच्या, म्हणून मीही करत आले.

माझा स्वभाव असा की काही अडलं की मी आधी बघते, कमी काय आहे. इथे कमी होते ते शब्द. मोबाइलवर आपोआप उमटणारी अक्षरं मी लावून पाहिली, पण यंत्राला आमची बोली कळत नाही, भलतंच काहीतरी छापत होतं. तेव्हा हातानं लिहायचं ठरवलं. जाड पेन घेतलं, मोठी अक्षरं, एका मिनिटाला दोन पानं. समासात मिनिटांचा आकडा. तो काही करून दाखवतो ते कंसात: (चालून दाखवतो), (पाणी सांडल्यासारखं करतो).

रोज सकाळी स्वयंपाक झाल्यावर पाऊण तास आणि कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं. पाच आठवडे लागले. एखादा कार्यक्रम पुन्हा पुन्हा थांबवून लिहायला लागलं की तो पाहणं आणि तो जाणणं यातला फरक समजतो. माझ्या नवऱ्याचं आधीपासून म्हणणं होतं की हा पोरगा आपली बोली पुण्याच्या लोकांसमोर हसायला मांडतो. लिहिताना मला तसं वाटलं नाही. तो बोलीला हसत नाही, बोलीतून हसतो. चिडतो तेव्हा मराठीत चिडतो आणि हरतो तेव्हा बोलीत बोलतो. दिरांचं म्हणणं होतं, शिव्या फार. मी मोजल्या, फार नाहीत. फक्त सुरुवातीलाच एकत्र आल्यात, म्हणून जास्त वाटतात. आणि एक लबाडी सापडली. पांढरी टोपी घातलेला एक माणूस प्रेक्षकांत डोळे पुसत हसताना दोनदा दाखवलाय. दोन्ही वेळा तोच हात, तीच टोपी, शेजारच्या बाईचं तेच वळणं. म्हणजे एकच हसू दोन ठिकाणी जोडलंय. मला राग नाही आला. कुठेतरी हसू कमी पडलं असेल बिचाऱ्याला.

अर्धी वही झाल्यावर मी ती नवऱ्यावर तपासून पाहिली. आमच्या स्टोअरमध्ये मशीनवरच्या कामगारांसाठी कानात घालायचे रबरी बोळे असतात, त्याची एक जोडी साहेबांना विचारून घरी आणली. नवऱ्याच्या कानात घातली, वही मांडीवर दिली, कार्यक्रम लावला.

"पान कधी उलटायचं?" तो ओरडला. कानात बोळे असले की माणूस ओरडतोच.

मी हातानं सांगितलं, मी उलटते.

दहा मिनिटांनी बोळे काढून म्हणाला, "फार घाई करतेस. हा पडदा बघायचा की वही? आणि तू इथे नुसतं 'थांबतो' लिहिलंयस. किती थांबतो?"

"तो थांबतो तेवढा."

"ते मला कसं कळणार, बाई? मला ऐकू येत नाहीये ना!"

ते बरोबर होतं. मग मी थांबण्याच्या जागी टिंबं काढायला लागले. लहान थांबणं असेल तर एक, मोठं असेल तर चार.

आता ती गाळलेली चार मिनिटं. अडतिसाव्या मिनिटाला तो पोरगा आपल्या आजोबांची गोष्ट सांगतो. त्याची आई लग्नानंतर वीस वर्षं सासऱ्यांशी एक शब्द बोलली नाही. भांडण नव्हतं, मर्यादा होती. आजोबाही सुनेशी थेट बोलत नसत. घरात शिरताना खोकायचे. त्या खोकल्याची एक पूर्ण भाषा तयार झाली होती. एकदा खोकले म्हणजे मी आलो. दोनदा म्हणजे चहा. तीनदा म्हणजे जेवायला वाढा. घसा खरवडून खोकले म्हणजे सोबत पाहुणे आहेत. तो प्रत्येक खोकला करून दाखवतो आणि आई पळत जाऊन काय करते तेही. आणि मग एका हिवाळ्यात आजोबांना खरा खोकला झाला. संध्याकाळपर्यंत आईनं अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक केला.

भाग उत्तम आहे. पूर्ण कार्यक्रमातला सगळ्यात चांगला. पण आमचे आबाही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खोकतात. एकदा नाही, तीनदा, चारदा. अक्का कढई हलवता हलवता पुटपुटतात, "आले, आले. काय आग लागली का?" मी हे आबांना माझ्या अक्षरात लिहून द्यायचं? त्यांना वाटेल, सुनेनं पाच आठवडे बसून आपल्यावरचं गाऱ्हाणं लिहून आणलं. शिव्या लिहिताना माझा हात थांबला नव्हता, खोकला लिहिताना थांबला. शेवटी मी त्या जागी लिहिलं: "येथे चार मिनिटांचा भाग घेतलेला नाही." आणि ठरवलं, ती जागा आली की पुतणीला पुढे घ्यायला सांगायचं.

त्या रविवारी जेवणं झाली, टीव्हीची तयारी सुरू झाली आणि आबा उठून ओट्यावर गेले. मी मागून गेले आणि वही त्यांच्या हातात दिली.

"हाई काय शे?"

मी मान खाली घालून काहीतरी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पहिलं पान उघडून बोट ठेवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. पहिला विनोद एका पानाचा आहे, तो पोरगा पुण्यात खोली बघायला जातो त्याचा. आबांचे ओठ हलत होते. पान संपता संपता ते हसले, एकटेच, आमच्या कुणाच्याही हसण्याची वाट न बघता. मग वही काखेत मारून आत चालायला लागले.

मी त्यांच्या खुर्चीशेजारी, जरा मागे, स्टुलावर बसले आणि पानं उलटायला लागले. अक्का नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. दीर आणि माझा नवरा दिवाणावर, पुतणी खाली. सुरुवातीची पंधरा मिनिटं मी पडदा पाहिलाच नाही. माझं बोट त्याच्या शब्दांबरोबर चालत होतं. पण आबा माझ्या बोटाच्या पुढे धावायचे. वाचण्याचा वेग बोलण्यापेक्षा जास्त, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो पोरगा विनोदाची बांधणी करत असायचा आणि आबा इकडे हसून मोकळे.

"आबा, तुम्ही पेपर फोडताय!" पुतणी वळून म्हणाली.

"परीक्षा ना पहिलेच गाइड भेटनं माले," आबा म्हणाले आणि वहीवर थाप मारली. दीर एवढे हसले की कार्यक्रम थांबवावा लागला. इतक्या आठवड्यांनी आबा सगळ्यांमधे बसून काहीतरी बोलले होते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता, पण कान लाल झाले होते. तो रडू आवरतो तेव्हा ते लाल होतात.

आईचा भाग आला. आबांनी तो सावकाश वाचला, टिंबांवर थांबून थांबून. त्या पानावरून त्यांनी मला बोट उचलू दिलं नाही. पडद्यावर पुढचं सुरू झालं तरी ते तिथेच होते. मग त्यांनी स्वतःच पान उलटलं.

अडतिसाव्या मिनिटाच्या जरा आधी मी म्हटलं, "इथून चार मिनिटं पुढे घे गं."

पण रिमोट दिरांच्या हातात होता. "का? हाच तर भारी भाग आहे! मी मित्राकडे पाहिलाय." आणि तो सुरू झाला.

पहिल्या खोकल्याला सगळे हसले. दुसऱ्या खोकल्याला दीर उडालेच, "बघा! हे तर आपले आबा!" आणि त्यांनी बोट दाखवलं. पुतणी तोंडावर हात दाबून आबांकडे बघायला लागली. माझा नवरासुद्धा हसला. उंबऱ्यावर अक्का पदरात तोंड लपवून हलत होत्या. टीव्हीतलं सभागृह हसत होतं, घर हसत होतं आणि सगळे एकाच माणसाकडे बघत होते.

आबांनी वहीत पाहिलं. "येथे चार मिनिटांचा भाग घेतलेला नाही." त्यांनी पुढचं पान उलटून पाहिलं, परत मागचं. मग वही मिटली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले.

पाच आठवडे ज्याच्यासाठी घालवले, ते मी स्वतःच्या हातानं मोडलं होतं. पहिल्या वेळी आम्ही गप्प असताना ते एकटेच हसले होते. आता आम्ही सगळे त्यांच्यावर हसत होतो आणि का ते त्यांना सांगायचं मीच टाळलं होतं.

"थांबवा तो टीव्ही!" मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. दिरांनी थांबवला.

"बठ्ठा मनाकडे देखीसन का हासतस?" आबांनी विचारलं. कुणाला उद्देशून नाही, सगळ्यांना.

मी वही ओढून घेतली, ते पान उघडलं आणि लिहायला लागले. आजोबा, खोकला, मर्यादा. अक्षरं वाकडी येत होती. आबांनी पानावर हात ठेवला.

"लिखू नको. सांग."

"आबा, त्याच्या आजोबांचं आहे..." मी वहीकडे बघून म्हणाले.

"वर देख, बाई. तोंड दिखत नही तं माले कसं समजी?"

मला लग्न होऊन चोवीस वर्षं झाली. ओठ वाचणारे या माणसाचे डोळे समोरच्या ओट्यापर्यंत पोचत होते, आणि घरातल्या दोन सुना त्यांना मान देण्यासाठी मान खाली घालून बोलत होत्या. मुलगे मागून ओरडत, आम्ही जमिनीशी बोलत होतो आणि सगळे मिळून म्हणत होतो, आबांना ऐकू येत नाही. एका वहीची गरज होती हे मला सुचलं. तोंड वर करायचं सुचलं नाही.

मी स्टूल उचलून त्यांच्या समोर ठेवलं, बसले आणि वर पाहिलं. त्यांचे डोळे घारे आहेत. मला माहीत नव्हतं.

मी तो विनोद सांगितला. मालाची आवक वाचून दाखवावी तसा सांगितला असेल. मला नक्कल येत नाही, खोकून दाखवायची तर लाजच वाटत होती, म्हणून बोटं दाखवली: एक, दोन, तीन. आबा माझ्या ओठांकडे बघत होते, भुवया जवळ घेऊन, अडलेला माग बघावा तसे. मी घाईनं बोलले की त्यांचा हात वर यायचा, मी हळू व्हायचे. हिवाळा आला, खरा खोकला झाला. अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक झाला.

आबा हसले. पोट हलवून, चष्मा काढून. बरोबर जागी. आणि या वेळी बाकीचे त्यांच्यानंतर हसले.

मग चष्मा पुसत म्हणाले, "पोऱ्या हुशार शे. पन एक गोठ खोटी सांगस."

"कोणती?" पुतणीनं विचारलं, त्यांच्या समोर सरकून.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की खोकला हा हुकूम नसतो. चहासाठी कुणी खोकत नाही. बाया आपापल्यात काही बोलत असतात, बोलण्यात सासराही असणार. त्यांना विषय बदलायला वेळ मिळावा म्हणून खोकायचं. ऐकायला नको असलेलं ऐकू येऊ नये म्हणून.

"मग तुम्ही चार-चार वेळा का खोकता?"

"माले मना खोकला ऐकू येत नही, बेटा," आबा म्हणाले. "कोनी वळीसन देखं, की मंग समजस, आवाज निंघना."

पडद्यावर तो पोरगा तोंड उघडं ठेवून थांबलेला होता. उंबऱ्यावरून बांगड्यांचा आवाज आला. अक्का उठल्या. त्या येऊन माझ्या शेजारी, आबांच्या समोर, खाली फरशीवर बसल्या. पण मान खालीच.

आबाच बोलले. "त्या दिनले मी हासनू. तुनी मायनं दुःख ताजं व्हतं. माले फक्त त्याना हात दिखना."

अक्कांनी मान वर केली. पदर डोक्यावर होता तसाच होता, पण तोंड पूर्ण त्यांच्याकडे.

"मनी माय बी फोन असाच धरे, आबा. आरसा धरो तसा." त्या थांबल्या. आबा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "माले बी पहिले हासूच उनं. रडू नंतर उनं."

"कशी धरे?" आबांनी विचारलं.

अक्कांनी दिरांच्या हातातून रिमोट घेतला, तोंडासमोर धरला, मग कपाळाला लावला आणि आईच्या आवाजात, ओठ मोठे मोठे हलवत म्हणाल्या, "अगं, जेवनी का तू? ऐकू जाई राहिनं का?" आबा हसायला लागले आणि अक्काही, हसता हसता डोळे पुसत. दीर म्हणाले, "सासूबाई हुबेहूब!" तर अक्का म्हणाल्या, "तुम्ही गप बसा, तुम्ही तिचा एक फोन उचलला नाही कधी."

कार्यक्रम तसाच थांबलेला राहिला. आबांनी आपलं मत दिलं: पोरगा चांगला आहे, पण पाणी फार पितो, माणूस खरं बोलायच्या आधी एवढं पाणी पीत नाही. माझा नवरा म्हणाला, तेच तर, सगळं ठरवून केलेलं. पुतणी म्हणाली, ठरवून केलं म्हणून खोटं होतं का? अक्का म्हणाल्या, कुकरची शिट्टी खरी असणार, ती कुणाला सुचत नाही. दीर मागून काही बोलले, आमच्या माना तिकडे वळल्या, तर आबांनी मागे न बघताच हात हलवला, पुढे ये. दीर दिवाणावरून उठून पुढे आले. त्या चौकोनी फरशीवर आम्ही सगळे खुर्चीभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो.

मग आबा माझ्याकडे वळले.

"अन् तू? तू तं बठ्ठा लिखेल शे. तुनं काय मत शे?"

चोवीस वर्षांत या घरात प्रत्येक गोष्टीवर मला मत होतं आणि ते मी जळगावच्या बसमध्ये नवऱ्याला सांगत आले होते. मी म्हणाले, मला तो आवडला, पण तो हसणाऱ्याला पुरतं हसू देत नाही, लगेच पुढचं बोलतो. त्यामुळे मधलं बरंच काही सांडतं. नवरा आणि दीर एकदमच बोलायला लागले. आबांनी हातानं दोघांना थांबवलं, खुर्ची माझ्याकडे ओढली आणि म्हणाले, "काय सांडस ते सांग. हळू सांग. घाई नही आमले."

मी मान वर ठेवली आणि पहिल्या मिनिटापासून सांगायला लागले.